खोटे ठरण्याची तयारी : पाटणच्या मठापासून अखाजीच्या घटापर्यंत

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, डोंगराच्या पायथ्याशी पाटण हे प्राचीन स्थान आहे. पाटणादेवीच्या दर्शनासाठी तेथे खानदेशातून आणि मराठवाड्यातून भाविकांची रीघ लागलेली असते. याच परिसरातील देवी मंदिरातला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' आणि इतर ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेव या स्थानिक राजाने त्या मठाला दान दिले, अशी नोंद त्या लेखात आहे. अभ्यासकांनी या दानाची तारीख ९ ऑगस्ट १२०७ अशी काढली आहे. त्या दिवशी श्रावणी पौर्णिमा होती आणि चंद्रग्रहण होते.

या एका नोंदीत दोन वेगवेगळ्या जगांची भेट झालेली दिसते. ग्रहण हा दानाचा पुण्यकाळ, ही श्रद्धा. ग्रहण कोणत्या घटकेला लागेल आणि कधी सुटेल, हे गणिताने सांगणारी विद्या शिकवण्यासाठी ते दान, हे शास्त्र. दान देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटले नसावे. तरीही या दोन गोष्टींमध्ये एक मूलभूत फरक आहे. ग्रहणकाळी केलेले दान पुण्यप्रद असते, हे विधान चुकीचे आहे हे कोणत्याही निरीक्षणाने दाखवून देता येत नाही. सांगितलेल्या घटकेला ग्रहण लागले नाही, तर मात्र गणित चुकले हे साऱ्या गावाला उघड्या डोळ्यांनी दिसते. विज्ञान आणि धार्मिक श्रद्धा यांच्यातील भेदाची चर्चा बहुधा 'खरे काय आणि खोटे काय' या प्रश्नावर येऊन अडकते. त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे. एखादे विधान खोटे असेल, तर ते खोटे आहे हे कळण्याचा मार्ग त्या विधानाने मोकळा ठेवला आहे काय?

भास्कराचार्यांचा युक्तिवाद

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इसवी सन १११४ मधला. त्यांच्या जन्मग्रामाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मात्र त्यांच्या वंशाचा पाटणशी असलेला संबंध या शिलालेखाने निर्विवाद ठरविला आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. त्यातील गोलाध्यायात त्यांनी पृथ्वीच्या आकाराविषयी आणि आधाराविषयी रूढ असलेल्या पौराणिक कल्पनांची जी तपासणी केली आहे, ती आजही वाचण्याजोगी आहे.

पृथ्वीला कोणीतरी खालून धरले आहे, असे मानले तर त्या आधाराला दुसरा आधार हवा, त्याला तिसरा हवा आणि या साखळीला अंतच उरणार नाही. शेवटचा आधार स्वतःच्या शक्तीने स्थिर राहतो असे म्हणायचे असेल, तर ती शक्ती पृथ्वीलाच का मानू नये, असा त्यांचा प्रश्न आहे. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर तिच्यावरून फिरणारा सूर्य जसा देवांना सतत दिसतो तसा माणसांना का दिसू नये? मेरू पर्वत आड येतो म्हणून रात्र होते म्हणावे, तर मग तो मेरू आपल्याला का दिसत नाही? पृथ्वी गोल असूनही सपाट का भासते, याचे उत्तरही त्यांनी दिले आहे. मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळ रेषेसारखा दिसतो, आणि माणूस तर पृथ्वीच्या मानाने अत्यंत लहान.

एवढ्यावर न थांबता भास्कराचार्य मापाकडे वळतात. विषुववृत्तापासून उज्जयिनीचे अक्षांश-अंतर पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागाइतके आहे. म्हणून ते अंतर मोजून सोळाने गुणले की परिघ मिळतो, असे ते सांगतात. या पद्धतीचे महत्त्व असे, की ती कोणालाही पडताळून पाहता येते. दुसऱ्या कोणी दुसरी दोन गावे घेऊन, तेथील ध्रुवाची उंची मोजून गणित केले आणि उत्तर फार वेगळे आले, तर एकतर मोजणी चुकली असेल किंवा पृथ्वी गोल नसेल. आपल्या विधानाला कोठे घाव घातला असता ते कोसळेल, हे येथे भास्कराचार्य स्वतःच दाखवून देतात.

राहूचे वरदान

ग्रहणाच्या प्रकरणात तर हा भेद अधिकच ठळक होतो. राहू नावाचा एकच दैत्य सूर्यालाही ग्रासतो आणि चंद्रालाही, अशी लोकसमजूत होती. भास्कराचार्य निरीक्षणे पुढे मांडतात. अर्धवट ग्रासलेल्या चंद्राची टोके बोथट दिसतात, सूर्याची मात्र तीक्ष्ण. चंद्रग्रहण दीर्घकाळ टिकते, सूर्यग्रहण त्या मानाने लवकर आटोपते. चंद्रबिंबाला ग्रास पूर्वेकडून लागतो, सूर्यबिंबाला पश्चिमेकडून. यावरून झाकणारी वस्तू दोन्ही वेळी एकच नाही आणि चंद्राला झाकणारी वस्तू चंद्राहून पुष्कळ मोठी आहे, हे सिद्ध होते. चंद्राला पृथ्वीची छाया झाकते आणि सूर्याला चंद्र.

मात्र वेद-पुराणांचे वचन अव्हेरणे त्यांना मान्य नव्हते. म्हणून त्यांनी एक तडजोड सुचविली. ब्रह्मदेवाच्या वरदानामुळे राहू पृथ्वीच्या छायेत शिरून चंद्राला झाकतो आणि चंद्रबिंबात शिरून सूर्याला झाकतो, असे त्यांनी म्हटले. या तडजोडीनंतर राहूची स्थिती काय झाली, ते पाहण्याजोगे आहे. मूळचा राहू धोक्यात होता. 'एकच दैत्य दोघांना ग्रासतो' या विधानातून काही अपेक्षा निघत होत्या आणि त्या निरीक्षणाशी जुळत नव्हत्या. छायेत शिरलेला राहू मात्र सर्वस्वी सुरक्षित झाला. छाया जेथे जाते तेथे तो जातो, छाया जेवढी असते तेवढाच तो असतो. त्याच्या असण्याने ग्रहणाच्या वेळेत पळाचाही फरक पडत नाही आणि त्याच्या नसण्यानेही पडत नाही. त्याला खोटे ठरविणारे निरीक्षण आता संभवतच नाही. आणि त्याच कारणाने त्याच्यापासून ग्रहणाविषयी काही शिकण्यासारखेही उरत नाही. पाटणच्या मठात गणित करणाऱ्या विद्यार्थ्याला छायेचा व्यास लागत असे, राहूचा नव्हे.

पॉपर आणि १९१९ चे ग्रहण

या विचाराला विसाव्या शतकात तत्त्वज्ञानाचे नेटके रूप दिले ते व्हिएन्ना येथे जन्मलेल्या कार्ल पॉपर यांनी. त्यांचा या विषयावरील मूळ जर्मन ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. योगायोग असा, की त्यांच्या विचाराला चालना देणारी घटनाही ग्रहणाचीच होती. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश सुमारे १.७५ विकला वाकेल, असे आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताचे भाकीत होते. न्यूटनच्या विचारसरणीने येणारे उत्तर त्याच्या निम्मे होते. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात एडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेजवळचे प्रिन्सिपे बेट आणि ब्राझीलमधील सोब्राल येथून छायाचित्रे घेतली. मोजमाप आइन्स्टाइनच्या बाजूने गेले.

पॉपर यांना भाकीत खरे ठरल्याचे जेवढे अप्रूप वाटले, त्याहून अधिक ते भाकीत धोका पत्करून केलेले होते याचे वाटले. आकडा वेगळा आला असता तर सिद्धांताला माघार घ्यावी लागली असती. सिद्धांत जितक्या जास्त गोष्टींना 'असे घडणार नाही' म्हणून मनाई करतो, तितका तो वैज्ञानिकदृष्ट्या समृद्ध, असे पॉपर यांचे प्रतिपादन आहे. या गुणाला मराठीत 'खंडनक्षमता' म्हणता येईल. घडलेल्या प्रत्येक गोष्टीशी जुळणारे विधान दिसायला बलवान असते. प्रत्यक्षात ते काहीच सांगत नसते.

आपल्या परंपरेत याच्या जवळ जाणारा एक शब्द फार पूर्वीपासून आहे : दृक्प्रत्यय. गणिताने काढलेली ग्रहाची जागा आकाशात डोळ्यांना दिसणाऱ्या जागेशी जुळली पाहिजे, हा त्याचा अर्थ. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये 'ग्रहलाघव' रचला, तेव्हा कोणत्या ग्रहासाठी कोणत्या सिद्धांताचे मान घ्यावे हे त्याने आकाशाशी ताडून ठरविले. पुढे साडेतीन शतकांत त्याही गणितात अंतर पडत गेले. मग केरूनाना छत्रे यांनी १८६५ पासून आधुनिक वेधांवर आधारलेले पंचांग सुरू केले आणि लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीच्या चळवळीला बळ दिले. वाद खूप झाले. तथापि वादाचा निकाल कोठे लागणार, याविषयी संदेह नव्हता. तो आकाशात लागणार होता.

अखाजीचा घट आणि हवामान खाते

खानदेशात अक्षय तृतीयेला 'अखाजी' म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते. याच सणाला खानदेशच्या शेजारी, बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव (जामोद) तालुक्यात भेंडवळ येथे घटमांडणी होते. वाघ घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या चालविलेली ही परंपरा तीन शतकांहून जुनी मानली जाते. शेतात घट आखून त्याभोवती अठरा प्रकारची धान्ये मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची प्रतीके म्हणून मातीची चार ढेकळे ठेवून त्यांवर पाण्याने भरलेली घागर ठेवतात. घागरीवर पापड, कुरडई, पानसुपारी अशा वस्तू असतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत झालेले बदल पाहून पाऊस, पीक आणि देशाची स्थिती यांविषयी भाकीत सांगितले जाते. ते ऐकण्यासाठी विदर्भातून आणि खानदेशातून शेतकरी जमतात.

घटमांडणीला सरसकट 'खंडन न होणारी श्रद्धा' म्हणणे अन्यायाचे होईल. अमुक महिन्यात पाऊस चांगला, अमुक पीक साधारण, असे सांगणे म्हणजे पडताळणीचा धोका पत्करणेच होय. छायेत लपलेल्या राहूपेक्षा भेंडवळची घागर कितीतरी धीट आहे. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली शब्दांची. 'पाऊस सर्वसाधारण', 'कुठे कमी, कुठे जास्त' अशा भाषेतले भाकीत सहसा खोटे पडत नाही, कारण एवढ्या मोठ्या प्रदेशात कोठेतरी कमी आणि कोठेतरी जास्त पाऊस दरवर्षी होतोच. दुसरी अडचण अधिक महत्त्वाची. भाकीत चुकल्यावर पुढे काय होते? मांडणीची रीत परंपरेने ठरलेली आहे. चुकलेल्या वर्षामुळे धान्याची जागा बदलावी किंवा ढेकळांचा अर्थ नव्याने लावावा, असा प्रश्न त्या परंपरेत उद्भवत नाही.

येथे भारतीय हवामान खात्याशी तुलना उद्बोधक ठरते. कारण हे खातेही अनेकदा चुकले आहे. १८८६ मध्ये हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी हिमालयातील बर्फाच्या आधारे पावसाचा पहिला अधिकृत दीर्घकालीन अंदाज दिला. पुढे तो आधार अपुरा ठरला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवामान-नोंदींमधील परस्परसंबंध शोधण्याचा मार्ग धरला. १९८८ पासून खात्याने सोळा घटकांवर आधारलेले प्रतिमान वापरले आणि काही वर्षे त्याचे कौतुक झाले. २००२ मध्ये त्याच प्रतिमानाने सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज दिला. प्रत्यक्षात ८१ टक्के पाऊस पडला. जुलै महिना तर विक्रमी कोरडा गेला. त्या जुलैत पेरणी करून आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ही केवळ आकड्यांची चूक नव्हती.

पण पुढच्याच वर्षी ते प्रतिमान बाजूला ठेवून नवे वापरात आले. २००४ मध्ये तेही फसले, म्हणून २००७ मध्ये पुन्हा पद्धत बदलली. २००९ च्या दुष्काळाचाही अंदाज आला नाही. २०२१ पासून अनेक प्रतिमानांचा एकत्रित आधार घेतला जाऊ लागला. हवामान खात्याची थट्टा करणाऱ्यांना त्याच्या चुका सांगता येतात, कारण खात्याने अंदाज आकड्यांत दिला, तारीख टाकून दिला आणि प्रत्यक्ष पाऊस मोजून तोही प्रसिद्ध केला. ज्याची चूक मोजता येते, त्यालाच सुधारता येते.

कसोटीला उतरलेली कुंडली

फलज्योतिषाची अशी मोजदाद महाराष्ट्रात एकदा झाली. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह एक चाचणी आखली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा घेऊन कुंडल्या तयार केल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतील चाळीस कुंडल्या देऊन मूल कोणत्या गटातले, एवढेच विचारले. ५१ ज्योतिष्यांनी सहभागाची तयारी दाखविली, २७ जणांनी उत्तरे पाठविली. नुसता छापा-काटा केला तरी चाळीसपैकी सरासरी वीस उत्तरे बरोबर येतात. २८ किंवा अधिक येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. प्रत्यक्षात बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के निघाले. एका संस्थेने सर्व दोनशे कुंडल्या पाहिल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

या चाचणीचा धडा केवळ आकड्यात नाही. कसोटी काय आणि किती उत्तरांना यश म्हणायचे, हे उत्तरे हाती येण्यापूर्वीच ठरले होते. निकालानंतर 'जन्मवेळ अचूक नसेल', 'कुंडलीत बुद्धी दिसत नाही' अशी कारणे सुचविता येतात आणि त्यांतील एखादे योग्यही असू शकेल. मग त्या कारणाचीही स्वतंत्र कसोटी घ्यावी लागेल.

शास्त्रज्ञही अशी कारणे पुढे करतात, हे येथे मान्य केले पाहिजे. युरेनसची गती गणिताशी जुळेना, तेव्हा कोणी न्यूटनला टाकून दिले नाही. पलीकडे आणखी एक ग्रह असावा, असे म्हटले. ती पळवाट ठरली नाही, कारण तो ग्रह कोठे शोधायचा हेही सांगितले गेले आणि १८४६ मध्ये नेपच्यून तेथे जवळच सापडला. हीच युक्ती बुधासाठी योजून 'व्हल्कन' नावाचा ग्रह कल्पिला गेला. तो सापडला नाही. बुधाचे कोडे १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांताने सुटले. पहिल्या अपयशाबरोबर सिद्धांत टाकणे हे विज्ञानाचे लक्षण नव्हे. बचावासाठी पुढे केलेले कारणही तपासणीला खुले ठेवणे, हे त्याचे लक्षण.

जेथे जीव पणाला लागतो

हा भेद पंडितांच्या चर्चेपुरता राहिला असता, तर त्याची फारशी फिकीर करण्याचे कारण नव्हते. सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाळ्यात साप चावलेल्या माणसाला भगताकडे नेले जाते आणि मंत्राने तो बरा झाल्याची उदाहरणे सांगितली जातात. ती उदाहरणे खोटी असतात असे नाही. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी पुरेसे विष भिनतेच असे नाही. त्यामुळे मंत्र घातलेली अनेक माणसे वाचणारच. माणूस वाचला तर मंत्राचा गुण आणि दगावला तर त्याचे आयुष्य सरले, असा हिशेब असेल तर मंत्र कधीच हरत नाही. हरतो तो रुग्ण. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांच्या दंशात प्रतिसर्पविष मिळण्यापूर्वी गेलेले तास परत येत नाहीत.

याहून भीषण उदाहरण डाकीण प्रथेचे. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचा भाग असलेल्या आणि आता नंदुरबारमध्ये मोडणाऱ्या सातपुड्याच्या दुर्गम भागात, गावात कोणी आजारी पडले, गुरे मेली, तर एखाद्या बाईला डाकीण ठरविण्याचे प्रकार घडत आले आहेत. या आरोपाची रचना पाहावी. तिने नाकबूल केले तर ती कपटी, गप्प राहिली तर गुन्ह्याची कबुली. रोगी बरा झाला तर ती घाबरली, न झाला तर तिची विद्या जबर. ती निर्दोष असेल तर ते कशावरून कळेल, या प्रश्नाला आरोप करणाऱ्यापाशी उत्तर नसते. जे विधान खोटे ठरूच शकत नाही, त्याच्यापुढे एखादी असहाय बाई उभी केली की काय होते, ते या प्रथेने दाखविले आहे. डॉ. दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर त्याच वर्षी राज्यात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात असे आरोप करणे आणि सर्पदंश झालेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे, या दोन्हींचा अंतर्भाव आहे.

श्रद्धेचे क्षेत्र

यावरून श्रद्धा म्हणजे चुकलेले विज्ञान, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. श्रावणात कानबाईची स्थापना करून सारे भाऊबंद एकत्र रोटाचे जेवण घेतात किंवा चैत्रात खानदेशातून हजारो पावले सप्तशृंगगडाकडे चालू लागतात, तेव्हा ती माणसे कोणतेही भाकीत मांडत नसतात. कृतज्ञता, आपलेपणा, दुःख सोसण्याचे बळ यांना १.७५ विकलांचे माप लावता येत नाही आणि लावण्याची गरजही नाही. अशा श्रद्धेचे खंडन होत नाही, कारण ती जगाच्या घडामोडींविषयी दावा करीत नाही. प्रश्न उपस्थित होतो तो श्रद्धा पावसाची तारीख, रोगाचे कारण किंवा शेजारणीचा गुन्हा सांगू लागते तेव्हा. त्या क्षणी ती गणिताच्या आणि वैद्यकाच्या अंगणात आलेली असते आणि तेथील नियम तिलाही लागू होतात.

हा विवेक करण्यासाठी पदवी लागत नाही. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या आणि देवावर अपार भक्ती असलेल्या बहिणाबाई चौधरी यांनी ज्योतिष्यापुढे हात पसरण्यास नकार देणारी कविता रचली. भक्ती आणि भविष्यकथन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना शेतात आणि घरात राबताना उमगले होते. वैधव्याचा घाव सोसूनही त्यांची भक्ती अभंग राहिली. हातावरच्या रेषांवर मात्र त्यांनी आपले आयुष्य सोपविले नाही.

पाटणच्या मठात आठशे वर्षांपूर्वी जे शिकविले जात होते, त्यातील कितीतरी माने आज जुनी झाली आहेत. ती जुनी झाली, कारण ती तपासता येत होती. आपले गणित उद्या आकाशाशी जुळले नाही तर आकाश बरोबर आणि गणित चूक, हे मान्य करण्याची तयारी त्या विद्येच्या मुळाशी होती. कोणीही, कोणत्याही नावाने, जगाविषयी छातीठोक दावा घेऊन दारी आले, तर त्याला एकच प्रश्न विचारावा : हे खोटे असेल, तर ते आम्हाला कशावरून कळेल? ज्याच्यापाशी या प्रश्नाचे सरळ उत्तर आहे, त्याचे म्हणणे ऐकून घेण्याजोगे आहे. मग ते पुढे चूक ठरले तरी हरकत नाही.